इरेना सेंडलरची गोष्ट: एकटीची की अनेकींची?

वाचनखूण

इरेना सेंडलरवरचा तो जुना फॉरवर्ड पुन्हा फिरू लागलाय. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधल्या वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, प्लंबर म्हणून जाणाऱ्या एका बाईने हत्यारांच्या पेटीतून २,५०० ज्यू मुलं बाहेर काढली. गाडीत शिकवलेला कुत्रा असे, सैनिक दिसले की तो भुंके आणि बाळाचं रडणं ऐकू जात नसे. नाझींनी तिचे हातपाय मोडले. मुलांची नावं तिने बरणीत घालून झाडाखाली पुरली होती. आणि २००७ साली तिला डावलून शांततेचं नोबेल अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांना 'स्लाइड शो' दाखवल्याबद्दल दिलं. शेवटी 'पुढे पाठवा'.

मला या बाईबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच लिहितोय. हा मजकूर तिच्यावर आणि तिच्याबरोबरच्या बायकांवर अन्याय करतो असं माझं स्पष्ट मत आहे.

सेंडलर प्लंबर नव्हती. ती वॉर्सा महापालिकेच्या समाजकल्याण खात्यात नोकरीला होती. वडील डॉक्टर. ओत्व्होत्स्क गावात गरीब ज्यू रुग्णांना तपासायचे आणि १९१७ साली टायफसच्या साथीत रुग्णांकडूनच लागण होऊन गेले, तेव्हा ती सात वर्षांची होती. पुढे वॉर्सा विद्यापीठात ज्यू मुलांना वेगळ्या बाकांवर बसवायला सुरुवात झाली, त्याला तिने विरोध केला आणि तिचं शिक्षण रखडलं. म्हणजे १९४२ साली अचानक अंगात देवी संचारली असा हा प्रकार नाही. बाई आधीपासूनच तशी होती.

नोव्हेंबर १९४०मध्ये घेट्टो बंद झाला. साडेतीन चौरस किलोमीटरच्या आत चार लाखांहून जास्त माणसं कोंडली. आत टायफस पसरला, आणि तो बाहेर येईल या धास्तीने जर्मनांनी साथनियंत्रणाच्या लोकांना आत जायचे पास दिले. तसे पास सेंडलरने आणि तिची सहकारी इरेना शुल्ट्झ हिने मिळवले. त्याआधीपासून त्यांच्या कचेरीत एक उद्योग चालू होताच: मदतीच्या फायलींत ज्यू कुटुंबं पोलिश नावांनी चढवायची आणि तपासनीस घरी फिरकू नये म्हणून त्या नावापुढे टायफस किंवा क्षय असा शेरा मारायचा. जर्मन या शेऱ्यांना घाबरत.

आता मुद्द्यावर येतो. मूल भिंतीपलीकडे काढणं ही कामाची फक्त सुरुवात होती. बाहेर आल्यावर त्याला पहिले काही दिवस ठेवायला एखादं घर लागे. अंघोळ, कपडे, कधी केस रंगवणं. मेलेल्या एखाद्या पोलिश मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला मिळवायचा. यिडिश ही ज्यूंची भाषा बोलणाऱ्या चार वर्षांच्या पोराला कॅथलिक प्रार्थना झोपेतून उठवून विचारली तरी म्हणता येईल इतकी घोकून घ्यायची. मग एखादं कुटुंब, मठ किंवा अनाथालय. शेजाऱ्याला संशय आला की रातोरात दुसरीकडे. दरमहा पैसे पोचवायचे. आणि हे सगळं कुठे, तर जिथे ज्यूला आसरा दिला तर मृत्युदंड असा हुकूम नाझी गव्हर्नर हान्स फ्रांकने ऑक्टोबर १९४१मध्ये काढला होता, त्या पोलंडमध्ये.

हे एकट्या माणसाचं काम असूच शकत नाही. यद्विगा प्योत्रोव्स्का, इरेना शुल्ट्झ, यद्विगा देनेका ही नावं किती जणांनी ऐकली आहेत? देनेकाला गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, पकडलं आणि जानेवारी १९४४मध्ये घेट्टोच्या अवशेषांमध्ये गोळी घातली. सेंडलर सुटली, कारण 'झेगोटा' या गुप्त मदत-संघटनेने लाच चारून तिला सोडवलं. देनेका सुटली नाही. फॉरवर्डमध्ये तिला अर्धी ओळही मिळत नाही.

माझं म्हणणं इतकंच: कुत्रा आणि हत्यारांची पेटी काढा, 'एकटीने' हा शब्द काढा, आणि २,५०० हा आकडा एका बाईच्या खात्यावर टाकू नका. खरी हकीकत दंतकथेपेक्षा मोठी आहे.

शाळाबाई

धाग्याबद्दल आभार, पण मी असहमत आहे, आणि बऱ्यापैकी ठामपणे.

मी आठवी-नववीला इतिहास शिकवते. पुस्तकात दुसरं महायुद्ध काही पानांत संपतं. मारल्या गेलेल्या ज्यूंचा साठ लाख हा आकडा मुलं लिहून घेतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. त्या आकड्याने कुणाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. सेंडलरची गोष्ट सांगितली की वर्ग गप्प होतो, आणि मग प्रश्न सुरू होतात. बाळ रडलं तर? आई तयार नसली तर? पकडलं तर? संघटना, निधी, उपसमित्या यांपासून सुरुवात केली तर यातला एकही प्रश्न येणार नाही.

तुम्ही एक गोष्ट विसरताय. ही बाई जगाला माहीत झाली कशी? १९९९ साली अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एका छोट्या गावातल्या शाळकरी मुलींनी इतिहासाच्या प्रकल्पासाठी तिच्यावर छोटं नाटक बसवलं. त्यांच्या शिक्षकांनी एक कात्रण दाखवलं होतं, त्यात २,५०० आकडा होता. मुलींना आधी वाटलं की छापताना एखादं शून्य जास्त पडलं असेल. शोध घेता घेता कळलं की बाई वॉर्सात हयात आहेत, आणि २००१मध्ये त्या तिला जाऊन भेटल्या. तोवर १९६५मध्ये याद वाशेम या इस्रायलच्या संहार-स्मारक संस्थेने तिचा सन्मान केला होता, पण पोलंडबाहेर तिचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. इतिहासकारांना जे पन्नास-पंचावन्न वर्षांत जमलं नाही ते शाळकरी पोरींच्या नाटकाने केलं. त्यांनी प्रत्येक सहकाऱ्याच्या नावासाठी अडून बसायचं ठरवलं असतं तर तुम्हाला आज देनेकाचं नावही कळलं नसतं.

कुत्र्याचं म्हणाल तर तेही पूर्ण हवेतून आलेलं नाही. मुलांना नेणाऱ्या गाडीच्या चालकाने कुत्रा बरोबर ठेवल्याची आठवण सांगितली जाते. फॉरवर्डवाल्यांनी तो सेंडलरच्या गाडीत बसवला, एवढंच.

उलटतपासणी

धागाकर्त्याशी सहमत, उलट त्यांनी फारच मवाळ लिहिलंय.

पोलिश पत्रकार आना बिकोंत यांनी २०१७मध्ये सेंडलरचं सविस्तर चरित्र प्रसिद्ध केलं. त्यांना बाईबद्दल आकस नाही, पण २,५०० या आकड्यावर आणि बरणीच्या प्रचलित कहाणीवर त्यांनी गंभीर प्रश्न उभे केले आहेत. आणि गंमत सोडा, सेंडलर आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली मिळून दिलेल्या निवेदनातच या आकड्याची फोड आहे: सुमारे ५०० मुलं प्योत्रोव्स्का आणि त्यांच्याच खात्यातले यान दोब्राचिन्स्की यांच्यामार्फत मठांत, २००च्या आसपास बोदुएन अनाथालयात, काही शे दुसऱ्या एका मदतसंस्थेमार्फत, मोठी मुलं जंगलातल्या लढवय्यांकडे, उरलेली कुटुंबांत. म्हणजे खुद्द त्यांच्या हिशेबातही हा वेगवेगळ्या वाटांनी मदत मिळालेल्या मुलांचा एकत्रित अंदाज आहे. त्यातली बरीच मुलं आधीच घेट्टोबाहेर आलेली होती. 'एका बाईने २,५०० मुलं बाहेर काढली' हे त्या निवेदनातून निघतच नाही.

माझी खरी हरकत वेगळीच आहे. दंतकथा कुणाच्या उपयोगी पडते ते पाहा. २०१८ हे वर्ष पोलंडच्या संसदेने 'इरेना सेंडलर वर्ष' म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी जानेवारीत तिथे एक कायदा मंजूर झाला: नाझींच्या गुन्ह्यांची जबाबदारी पोलिश राष्ट्रावर टाकणाऱ्याला शिक्षा. जगभरातून ओरड झाल्यावर जूनमध्ये शिक्षेची कलमं काढली. सेंडलरचा फोटो पुढे धरून 'आम्ही सगळेच असे होतो' हे म्हणायची सोय होते. पण ती स्वतः घाबरायची कुणाला? जर्मनांना, आणि त्याच्या जोडीला लपलेल्या ज्यूंना हेरून पैसे उकळणाऱ्या पोलिश ब्लॅकमेलर लोकांना. वॉर्सात त्यांचा सुळसुळाट होता. मुलाला रातोरात हलवावं लागे ते बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या नजरेमुळे. गोष्टीतून हे गाळलं की उरते ती फक्त राष्ट्रीय अभिमानाची पोथी.

मोहोर

तुम्ही सगळे वाचवणाऱ्यांबद्दल बोलताय. मला आयांबद्दल बोलायचंय.

एल्झबिएता फिचोव्स्का ही त्या मुलांपैकी एक. जन्म ५ जानेवारी १९४२. सहा महिन्यांची असताना तिला गुंगीचं औषध देऊन, विटा भरलेल्या ट्रकमध्ये लाकडी पेटीत घालून बाहेर काढलं. पेटीत एक चांदीचा चमचा ठेवला होता, त्यावर तिचं लाडाचं नाव 'एल्झुनिया' आणि जन्मतारीख कोरलेली. जन्मदात्यांनी दिलेली तेवढीच एक वस्तू तिच्याजवळ राहिली. स्तानिस्लावा बुसोल्ड नावाच्या सुईणीने तिला वाढवलं. घेट्टोतून तिची आई अधूनमधून फोन करायची आणि बाळाला रिसीव्हरजवळ धरायला सांगायची, नुसतं तिचं बोबडं ऐकायला. ती आई वाचली नाही.

सेंडलरने नंतर सांगितलेल्या आठवणींत आहे की आईबाप विचारायचे, मूल वाचेल याची खात्री देता का? आणि ती म्हणायची, खात्री नाही. आज दारातून तरी बाहेर पडू की नाही हेही सांगू शकत नाही. बाप तयार असायचा, आजी पदराखालून सोडायची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं तर घर रिकामं, सगळेच्या सगळे उमश्लागप्लात्झवर, म्हणजे त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटायच्या त्या आवारात.

मला स्वतःला दोन मुलं आहेत. परक्या बाईच्या हातात सहा महिन्यांचं बाळ द्यायचं, तिचं नाव माहीत नाही, पत्ता माहीत नाही, आणि पुन्हा भेट नाही हे मनातून ठाऊक. तुम्ही दोन बाजूंनी सेंडलर आणि प्योत्रोव्स्का यांच्यात श्रेय वाटताय. त्या आईचं काय? तिचं नाव ना फॉरवर्डमध्ये आहे, ना धागाकर्त्याच्या दुरुस्तीत.

वाचनखूण

@मोहोर, मुद्दा शंभर टक्के मान्य. त्याला जोडून एक सांगतो, कारण माझ्याही लेखात ते राहून जायला नको: घेट्टोच्या आतून काम करणारी ज्यू माणसं. आला गोलांब-ग्रिनबर्ग ही तिथली मुख्य परिचारिका. जुलै १९४२ पासून दोन महिन्यांत अडीच लाखांहून जास्त लोक त्रेब्लिंकाला नेले, त्या दिवसांत तिने गाड्यांच्या आवारात प्रथमोपचाराच्या नावाखाली लोकांना मागे खेचलं, मुलांना बाहेर पाठवायला मदत केली. तिची स्वतःची मुलगीही बाहेर गेली. गोलांब-ग्रिनबर्ग स्वतः मात्र वाचली नाही. आतली माणसं नसती तर सेंडलरने कुठल्या दारावर थाप मारायची हेही तिला कळलं नसतं. 'पांढऱ्या घोड्यावरून बाहेरून कुणी येतं आणि असहाय ज्यूंना सोडवतं' असं चित्र फॉरवर्ड उभं करतो, ते म्हणूनच मला खुपतं.

दिमोना

मी इस्रायलमधून लिहितोय. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आजोबा पेणकडचे. घरात अजून मराठी चालते. युरोपातला संहार आमच्या कुळात घडलेला नाही, पण इथे वाढताना तो सगळ्यांचाच होऊन जातो.

शाळेतून आम्हाला जेरुसलेमला याद वाशेमला नेलं होतं. तिथे वाचवणाऱ्या परधर्मीयांच्या नावाने झाडं लावली आहेत. सेंडलरला १९६५मध्ये सन्मान जाहीर झाला, पण पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने तिला येऊ दिलं नाही. ती १९८३मध्ये आली. पोलंडमधून अशा सात हजारांहून जास्त लोकांना हा सन्मान मिळाला आहे, कुठल्याही देशापेक्षा जास्त. तिथे प्रत्येक माणसाचं प्रकरण वेगळं तपासतात, साक्षी घेतात. प्योत्रोव्स्कालाही मिळालाय, शुल्ट्झलाही. म्हणजे 'एक नायिका' ही चूक आमच्याकडे कुणी केलेली नाही, ती इंटरनेटने केली.

आकड्यावरून चाललेला वाद मला पटत नाही. त्या सन्मानाच्या पदकावर तालमूदमधलं वचन कोरलेलं असतं: जो एक जीव वाचवतो त्याने जणू सारं जग वाचवलं. आमच्या शास्त्रात हे असं लिहिलेलं असताना २,५०० की ५०० की १००, यावर घासाघीस करायची मला लाज वाटते. @उलटतपासणी, तुम्ही वकिली बुद्धीने बोलताय. पोलंडच्या राजकारण्यांनी तिचा फोटो वापरला म्हणून तिची उंची कापायची का?

उलटतपासणी

@दिमोना, तिची उंची मी कापत नाहीये. पण आकड्याची लाज वाटायचं कारण नाही, आणि त्याचं कारण सांगतो. ज्यांना हा संहार झालाच नाही असं म्हणायचंय ते कुठून सुरुवात करतात? ज्यूंच्या चरबीपासून साबणाच्या वड्या बनवल्याच्या कहाणीसारख्या, इतिहासकारांनी नंतर नाकारलेल्या एखाद्या गोष्टीपासून. 'बघा, हे खोटं निघालं, मग बाकीचंही तसंच.' फुगवलेला प्रत्येक आकडा त्यांच्या हातात आयतं कोलीत देतो. वाचलेल्या प्रत्येक जिवाचं मोल तुमच्या वचनाइतकंच मलाही मान्य आहे. म्हणून तर त्या जिवांची मोजणी चोख हवी.

आणि दुसरी अडचण तुम्हीच बोलायला हवी होती. मुलांचं ज्यूपण. मठांत, कॅथलिक घरांत वाढलेल्या मुलांचा बाप्तिस्मा झाला. काहींच्या सुरक्षिततेसाठी तो गरजेचा होता, काहींच्या बाबतीत त्यामागे श्रद्धेचा हेतूही होता. दोब्राचिन्स्की युद्धाआधी उजव्या राष्ट्रवादी गोटातला, त्या गोटाला ज्यूंबद्दल अजिबात प्रेम नव्हतं. झेगोटाच्या मुळाशी असलेली लेखिका झोफिया कोसाक, तिने ऑगस्ट १९४२मध्ये 'निषेध' या शीर्षकाचं गुप्त पत्रक काढलं. त्यात ती ज्यूंना पोलंडचे शत्रू म्हणते आणि त्याच पत्रकात म्हणते की हत्येपुढे गप्प बसणारा खुन्याचा साथीदार ठरतो. ज्यांना ज्यू आवडत नव्हते अशाही लोकांनी ज्यू पोरांसाठी जीव पणाला लावला. हे फॉरवर्डमध्ये मावत नाही, आणि मला तर त्यात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं वाटतं.

दिमोना

हे मला माहीत आहे, आणि इथे त्यावर अजूनही लोक तावातावाने बोलतात. फिचोव्स्काला आपण ज्यू जन्माचे आहोत हे सतराव्या वर्षी कळलं. ज्यांना कधीच कळलं नाही असेही असतील. पण म्हणूनच त्या यादीचं महत्त्व माझ्या लेखी सर्वात मोठं आहे. नाझींपासून मूल लपवायचं तर खरं नाव पुसून टाकणं सोपं होतं, सोयीचंही होतं. यादी सापडली असती तर सगळेच मेले असते. तरी या बायकांनी पातळ कागदाच्या चिटोऱ्यांवर खरं नाव, नवं नाव, ठिकाण लिहून ठेवलं, उद्या आईबाप किंवा कुणी नातेवाईक परत आले तर मूल त्यांना सापडावं म्हणून. ऑक्टोबर १९४३मध्ये गेस्टापो दारात आली त्या रात्री सेंडलरने ती गुंडाळी मैत्रिणीकडे फेकली आणि तिने ती कपड्यांच्या आत लपवली. युद्धानंतर ती यादी झेगोटातल्या अडॉल्फ बर्मन यांच्याकडे गेली, जे पुढे पोलंडमधल्या ज्यू समितीचे प्रमुख झाले. बरणी एक होती की दोन, बाटली होती की डबा, सफरचंदाचं झाड होतं की नव्हतं, काय फरक पडतो? मुलाचा धर्म आणि कूळ परत करायची तजवीज ज्यांनी मरणाच्या दारात करून ठेवली, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही.

पंचगंगा

कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती हे इथे कुणी सांगितलं नाही. १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका-मुलं. आपल्याकडच्या जुन्या लोकांना अजून आठवतं. तो याच इतिहासाचा भाग ना?

वाचनखूण

@पंचगंगा, देश तोच, युद्ध तेच, पण हकीकत वेगळी. वळिवड्याला आलेले लोक पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने सैबेरिया आणि मध्य आशियाकडे हद्दपार केलेले होते, आणि बहुसंख्य कॅथलिक होते. कोल्हापूरने त्यांना सांभाळलं ही अभिमानाचीच गोष्ट आहे. तिच्यावर जरूर लिहा, वेगळा धागा काढा, मी पहिला वाचेन. पण घेट्टोतल्या मुलांच्या हकीकतीत ती मिसळू नये.

आडवाट

भारताचा खरा धागा वॉर्सा घेट्टोत आहे तो यानुश कोर्चाकमुळे. डॉक्टर, लेखक, अनाथालय चालवणारा. १८ जुलै १९४२ला त्याच्या अनाथालयातल्या मुलांनी रवींद्रनाथांचं 'डाकघर' हे नाटक सादर केलं. आजारी अमल, बंद खिडकी, राजाच्या पत्राची वाट. चारच दिवसांनी त्रेब्लिंकाच्या गाड्या सुरू झाल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला कोर्चाक सुमारे २०० मुलांना घेऊन चालत गेला. त्याला सुटायची संधी देऊ केली होती, त्याने मुलांना सोडलं नाही. सेंडलर त्याला ओळखत होती, ती मिरवणुकीसारखी चाललेली रांग तिने पाहिल्याचं ती सांगे.

मला हा धागा वाचताना सारखं वाटत होतं की आपण फक्त यश मोजतोय. कोर्चाकने एकही मूल वाचवलं नाही. मग २,५००च्या तराजूत त्याला कुठे ठेवणार? शाळाबाई, तुमच्या वर्गात सेंडलर सांगता तशी कोर्चाकची गोष्ट सांगता का?

शाळाबाई

@आडवाट, सांगते. आणि खरं सांगायचं तर ती जास्त जड जाते. 'मग उपयोग काय झाला?' असं एखादा मुलगा विचारतोच, आणि त्याला मी झटपट उत्तर देत नाही, वर्गावरच सोडते.

@वाचनखूण, प्लंबर आणि स्लाइड शो मी कधीच सांगितलेलं नाही, ते काढून टाकायला माझी हरकत असायचं कारणच नाही. नोबेलच्या बाबतीत तर तो मजकूर निव्वळ चिडवायला लिहिलेला आहे. २००७चं पारितोषिक हवामानबदलावर काम करणारी आंतरराष्ट्रीय समिती आणि गोर यांना विभागून मिळालं, त्यात सेंडलरचा अपमान कुठे आला? त्याच वर्षी पोलंडच्या सिनेटने तिचा गौरव केला, तेव्हा तिने पाठवलेल्या निरोपाचा आशयही हाच होता की वाचलेलं प्रत्येक मूल म्हणजे माझ्या जगण्याचं सार्थक आहे, गौरवावरचा हक्क नव्हे.

पण गोष्ट मी एकीपासूनच सुरू करणार. माझ्या अनुभवात चौदा वर्षांचं मूल आधी एका माणसाच्या प्रेमात पडतं आणि मग त्याच्या आजूबाजूचे लोक पाहायला लागतं. 'सामूहिक प्रयत्न' या शब्दांपासून सुरुवात केली की ते खिडकीबाहेर बघतं. तुमची यादी शेवटी येईल, सुरुवातीला नाही.

वाचनखूण

सुरुवात कुठून करायची हे तुम्ही ठरवा, तो तुमचा वर्ग आहे. माझा आग्रह शेवटाबद्दल आहे. प्रचलित गोष्ट १९४३च्या सुटकेवर संपते आणि एकदम २००७च्या सत्कारावर उडी मारते. मधली साठ वर्षं कुठे गेली? १९४९मध्ये कम्युनिस्ट पोलंडच्या गुप्त पोलिसांनी तिला गरोदरपणात चौकशीला बोलावून बोलावून छळलं, वेळेआधी बाळंतपण झालं आणि बाळ वाचलं नाही. कारण काय, तर झेगोटा लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारशी बांधलेली होती. हजारो पोरांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या बाईचं स्वतःचं पोर तिच्याच देशाने गिळलं. बहुतेक फॉरवर्डमधून आणि भाषणांमधून हे गाळतात, कारण त्यात खलनायक जर्मन नाही.

@दिमोना, तुम्ही म्हणता आकड्याची घासाघीस नको. मान्य करायला मला आवडलं असतं. पण २,५०० एका नावावर टाकले की देनेकाने हलवलेली मुलं, माटिल्डा गेटर या मठाध्यक्षेने आपल्या अनाथालयांत घेतलेली शेकडो मुलं, बुसोल्डबाईंसारख्या सुईणींनी स्वतःच्या घरात वाढवलेली मुलं, ही सगळी त्याच आकड्यात विरघळतात. मोजणीचा आग्रह सेंडलरला कमी करायला नाही, तर या बायकांना त्यांची त्यांची मुलं परत द्यायला आहे.

दिमोना

हा मुद्दा मात्र मी असा ऐकला नव्हता. तरी आकड्यावर ठाम आहे: ज्यांच्याकडे जन्मनोंदच जाळली गेली, त्यांच्याकडून चोख मोजणी मागणं मला न्याय्य वाटत नाही. साक्षीदार गेले, यादीतलंही सगळं हाती लागलेलं नाही. 'शेकडो ते हजारो, अनेक जणींनी मिळून' असं लिहा. त्यावर सही करायला मी तयार आहे.

उलटतपासणी

'अनेक जणींनी मिळून, आणि आतल्या ज्यू कार्यकर्त्यांसह' एवढं जोडा, म्हणजे माझीही सही.

मोहोर

आणि आईबापांसह.

शाळाबाई

हे वाक्य मी वर्गात वापरेन. पण फळ्यावर नाव सेंडलरचंच आधी लिहीन, हे आत्ताच सांगून ठेवते. वाचनखूण, देनेका आणि शुल्ट्झ यांच्याबद्दल मराठीत काही लिहिलं गेलं असेल असं दिसत नाही. तुम्ही दोघींवर पानभर मजकूर लिहून इथेच टाकाल का? पुढच्या सत्रात हा धडा येतो, त्याआधी मिळाला तर मुलांना वाचायला देता येईल.